१६ जीबी रॅम पुरेना, जुन्या दोन स्टिकशेजारी अजून दोन टाकू की दोन्ही काढून मोठ्या घेऊ?

अल्बमवाली | शुक्रवार, रात्री ११.१२

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज अडलंय म्हणून लिहितेय. आम्ही इचलकरंजीत असतो, मिस्टर लग्नाचं शूट करतात आणि अल्बमचं डिझाईन मी घरी बसून करते. पीसी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी आणि धाकट्या दिराने मिळून जोडलाय, व्हिडिओ थांबवत थांबवत, पहिल्यांदा बटण दाबल्यावर पंखा फिरला तेव्हा सासूबाईंनी कॅबिनेटला हळदकुंकू लावलं होतं, एवढं त्याचं आमच्या घरात कौतुक. रायझन ५ ३६००, बी४५० चं चार स्लॉटवालं बोर्ड, डीडीआर४ च्या ८ जीबीच्या दोन स्टिक ३२०० वाल्या, जीटीएक्स १६५०, आणि ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी.

आतापर्यंत छान चाललं. पण आता लग्नाच्या करिझ्मा अल्बमची १२ बाय ३६ इंची शीट उघडली, सोबत लाइटरूम चालू असलं आणि ब्राउझरमध्ये कस्टमरचं व्हॉट्सॲप उघडं असलं की संपलंच, ब्रश फिरवला की दोन-तीन सेकंदांनी रेघ उमटते, सेव्ह करायला दिलं की चहा करून येते तरी चालूच. एप्रिल-मेचे मुहूर्त तोंडावर आलेत आणि सात अल्बम बाकी आहेत.

रॅम वाढवायचीय हे ठरलंय. जुन्या दोन तशाच ठेवून अजून ८ च्या दोन टाकू, का त्या काढून १६ च्या दोन घेऊ? मॉडेल नंबर तोच मिळतोय. दीर आता पुण्यात नोकरीला आहे, त्यामुळे यावेळी उघडायचं-लावायचं मलाच आहे.

मदरबोर्डकाका | शुक्रवार, रात्री ११.५०

ताई, पैसे घालायच्या आधी एक खात्री करून घ्या, रॅमच कमी पडतीये ना ते. फोटोशॉपच्या खाली डाव्या कोपऱ्यात जिथे डॉक्युमेंट साइझ दिसते तिथल्या बाणावर क्लिक करून एफिशियन्सी निवडा. १०० टक्के असेल तर रॅम पुरतीये, खाली घसरत असेल तर फोटोशॉप स्क्रॅच डिस्कवर जातोय, म्हणजे रॅमचं काम एसएसडीकडून करून घेतोय. दुसरं टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी. नेहमीचं सगळं उघडं ठेवून कमिटेडचा आकडा सांगा, नुसता इन यूज नको, तो फसवतो, कारण विंडोज जागा असेल तितकी वापरतंच. तिथेच स्पीड आणि स्लॉट किती भरलेत ते पण दिसतं, तेही लिहा.

अल्बमवाली | शनिवार, सकाळी ७.२०

काका, बघितलं. एफिशियन्सी शीट उघडल्या उघडल्या १००, चार-पाच फोटो मास्क करून टाकले की ७० च्या खाली येते, काल रात्री तर ४८ बघितली. कमिटेड २६.३ आणि त्यापुढे तिरकी रेघ देऊन ३१ काहीतरी आहे. स्लॉट ४ पैकी २. स्पीड मात्र २१३३ दाखवतंय. माझ्या स्टिकवर तर ३२०० छापलंय, मग हे काय?

निखळ_नागपुरी | शनिवार, सकाळी ९.०५

अरे बाप्पा, म्हणजे पाच वर्षं एक्सएमपी, म्हणजे स्टिकवर छापलेला स्पीड लावायचं सेटिंग, चालूच नाही केलं जी तुम्ही! रॅम विकत घेतली ३२०० ची आणि बोर्डाने पहिल्या दिवशी सगळ्यात सेफ स्पीडवर लावली, ती तशीच राहिली. खूप जणांचं असंच असते, कोणी सांगतच नाही. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जा, पीसी सुरू होताना डिलीट दाबत राहा, तिथं कुठं एक्सएमपी लिहिलं असते, कुठं ए-एक्सएमपी, कुठं डीओसीपी, काम एकच. प्रोफाइल १ निवडा, सेव्ह करा, बाहेर या.

मदरबोर्डकाका | शनिवार, सकाळी १०.३१

नागपूरकरांनी बरोबर सांगितलं. ते आधी करा, फुकटचा फायदा आहे. पण तुमचा मूळ त्रास स्पीडचा नाही, जागेचाच आहे, आणि ते आकड्यांवरून साफ दिसतंय.

१२ बाय ३६ ची शीट ३०० डीपीआयला म्हणजे ३६०० गुणिले १०८०० पिक्सेल, जवळजवळ ३ कोटी ८९ लाख. आठ बिटमध्ये एका पिक्सेलला ३ बाइट, म्हणजे अख्खी शीट भरणारा एक लेयर सुमारे ११७ एमबी. १६ बिटमध्ये काम करत असाल तर दुप्पट. बॅकग्राउंड, टेक्श्चर, नवरा-नवरीचा मोठा फोटो, त्याची मऊ कडा, त्यावर रंगाचा थर, असं करत वीस लेयर झाले की दोन-सव्वादोन जीबी तिथेच गेले, हिस्टरी वेगळी. शिवाय फोटोशॉप डिफॉल्टला त्याला दिसणाऱ्या रॅमच्या ७० टक्क्यांपर्यंतच जातो, आणि शेजारी लाइटरूम बसलेलं. कमिटेड २६ म्हणजे तुमच्या कामाला २६ जीबीचं आश्वासन दिलंय आणि खिशात १६ आहेत. बाकी पेजफाइलवर, म्हणजे एसएसडीवर. ३२ केलंत की काम रॅममध्ये मावेल.

आता दोन का चार. रायझन ३००० मालिकेसाठी एएमडीने अधिकृत जे स्पीड दिलेत ते असे की दोन स्टिक असतील तर ३२००, चार सिंगल रँक स्टिक असतील तर २९३३ आणि चार ड्युअल रँक असतील तर २६६७. रँक म्हणजे स्टिकवरच्या चिपांचा एक गट. तुमच्या ८ जीबीच्या बहुतेक सिंगल रँक असणार, सीपीयू-झेड या प्रोग्रामच्या एसपीडी टॅबमध्ये रँक लिहिलेलं असतं. म्हणजे चार लावल्यात तर २९३३ ची हमी, त्यावर चाललं तर नशीब. माझं मत विचाराल तर १६ च्या दोन घ्या, जुन्या विका, मोकळे व्हा. प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर भार कमी आणि पुढे ६४ करायला दोन स्लॉट रिकामे.

लॅमिंग्टन_फेरी | शनिवार, दुपारी १.१५

काका, तत्त्व तुमचं बरोबर पण भाव बघितलेत का हल्लीचे? मी काल ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला चार दुकानं फिरून आलो. दीड-दोन वर्षांपूर्वी ३२ चं किट ज्या पैशात यायचं त्यात आता १६ पण येत नाहीये. जगात डीरॅम, म्हणजे रॅमच्या चिपा, बनवणारे मुख्य तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, आणि तिघांचाही ओढा एआयच्या सर्व्हरना लागणाऱ्या मेमरीकडे, त्यात डीडीआर४ तर हळूहळू बंदच करत आणलीये. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की क्रूशियल नावाने घरगुती ग्राहकांना विकायचा धंदा बंद करतोय. म्हणून भाव उतरायची वाट बघत बसू नका, आणि असलेल्या दोन स्टिक विकू पण नका, ८ च्या दोन अजून घेतल्या तर खिशाला निम्मा फटका. २९३३ आणि ३२०० मधला फरक तुम्हाला अल्बम करताना जाणवणारसुद्धा नाही, १६ आणि ३२ मधला जाणवेल.

सेकंडहँड घेणार असाल तर तीन गोष्टी सांभाळा. लॅपटॉपची आखूड स्टिक नको, बसणारच नाही. सर्व्हरमधली रजिस्टर्ड ईसीसी स्वस्तात मिळते, विकणारा सांगतो चालते म्हणून, तुमच्या बोर्डावर चालत नाही. आणि बिल नसेल तर वॉरंटी विसरा.

मदरबोर्डकाका | शनिवार, दुपारी २.०२

भावाचं मान्य. आठच्या दोन घ्या मग. पण किटमधल्या, म्हणजे एकाच डब्यात जोडीने येणाऱ्या, दोन घ्या, सुट्या दोन नकोत. आणि मॉडेल नंबर तोच आहे म्हणून आतल्या चिपा त्याच असतील असं धरून चालू नका, पाच वर्षांत त्याच नावाखाली दुसऱ्या कंपनीच्या चिपा घातलेल्या असू शकतात. चालणार नाही असं नाही, फक्त चौघींना एका सुरात आणायला बोर्डाला कष्ट पडतात.

जुनी जोडी आत्ता प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये असेल, तिथेच राहू द्या, नवीन जोडी पहिल्या आणि तिसऱ्यात. म्हणजे दोन्ही चॅनलला, प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वाटांना, एक जुनी एक नवी येते. पॉवर सप्लायची काळजी नको, एक स्टिक तीन-चार वॅटच्या आसपास खाते. काळजी करा कूलरची. मोठा कूलर लावला असेल तर त्याचा पंखा पहिल्या स्लॉटवर येतो, उंच हीटसिंकची रॅम तिथे बसत नाही.

अल्बमवाली | शनिवार, दुपारी ४.४५

कूलर बॉक्ससोबत आलेलाच आहे, बुटका, त्यामुळे अडचण नाही. एक्सएमपी चालू केलं, आता ३२०० दाखवतंय, लाइटरूममध्ये एक्स्पोर्टला थोडा फरक वाटला खरा. लॅमिंग्टनवाल्या दादांचं पटलं, ८ च्या दोनचं किट ऑर्डर केलं, नवीन, बिलासकट. सगळ्यांचे आभार, आली की लिहिते.

डीडीआर५_नवखा | शनिवार, सायंकाळी ६.१०

मध्येच विचारतो, सॉरी. माझा नवीन बिल्ड आहे रायझन ७६००, डीडीआर५ ची १६ च्या दोन. मी पण अजून दोन टाकू का?

मदरबोर्डकाका | शनिवार, सायंकाळी ७.२२

तुमचं प्रकरण वेगळं. डीडीआर५ मध्ये चार स्टिकचा भुर्दंड फार मोठा आहे. रायझन ७००० ला दोन स्टिकवर अधिकृत ५२००, चार लावल्या की ३६००. तिथे शक्यतो दोनच मोठ्या स्टिक घ्या. आणि लावल्यावर पहिल्यांदा स्क्रीन यायला कितीतरी मिनिटं लागतात, मेमरी ट्रेनिंग चालू असतं, लोक घाबरून बटण दाबून बंद करतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. तेवढा धीर धरा. बाकी वेगळा धागा काढा, ताईंचा इथे चालू दे.

अल्बमवाली | बुधवार, रात्री ९.३५

लावली आणि पीसी सुरूच होईना. फार टेन्शन आलंय, जरा लवकर वाचा कुणीतरी.

काय केलं ते सगळं लिहिते. पीसी बंद केला, मागचं स्विच बंद, वायर काढली, पॉवरचं बटण दाबून धरलं. कॅबिनेट जमिनीवर आडवं ठेवलं, चटई काढून फरशीवर बसले, आधी कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावला. आमच्या बोर्डाला वरच्या बाजूलाच क्लिप उघडते, खालची हलत नाही. खाच जुळवली, वरचं टोक दाबलं तर कट् आवाज आला, खालचं टोक नुसतं आत गेलं. दोन्ही तशाच बसल्या. वायर लावली, बटण दाबलं, पंखे फिरतात, स्क्रीन काळी, आणि बोर्डावर चार बारीक लाइट आहेत त्यातला डीरॅम लिहिलेला लाल पेटून राहिलाय. नवीन काढल्या की जुन्यावर व्यवस्थित चालू होतंय. म्हणजे नवीन रॅम खराब आली का?

निखळ_नागपुरी | बुधवार, रात्री ९.४४

घाबरू नका ताई, जुन्यावर चालू होते म्हणजे काही जळलं नाही. आता एकेक करून बघा. जुन्या दोन्ही काढा, नवी एक घ्या, दुसऱ्या स्लॉटमध्ये एकटीच लावा. चालली? मग दुसरी नवी तशीच. दोन्ही तिथं चालल्या तर रॅमचा दोष नाही, बहुतेक स्लॉटचा आहे.

खाडीपलीकडचा | बुधवार, रात्री ९.५८

स्टिकच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवा हलक्या हाताने, पांढरं, कोरं. आमच्याकडे कोकणात पावसाळा झाला की दरवर्षी हेच, खारी हवा आणि दमटपणा, कॉन्टॅक्ट मंद होतात, रबराने पुसलं की पीसी उठतो.

मदरबोर्डकाका | बुधवार, रात्री १०.१०

खोडरबर जुन्या स्टिकला ठीक, तेही शेवटचा उपाय म्हणून, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडला तर नवीनच दुखणं. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट नसलेलं कापड. नव्या कोऱ्या स्टिकला तर गरजच नको. आधी नागपूरकर म्हणतात तसं एकेक करून बघा.

अल्बमवाली | बुधवार, रात्री ११.२७

नवी पहिली, दुसऱ्या स्लॉटमध्ये एकटी, चालली. नवी दुसरी, तिथेच, चालली. मग तीच पहिल्या स्लॉटमध्ये लावली तर लाल लाइट. तिसऱ्यात पण लाल लाइट. म्हणजे माझे दोन्ही स्लॉट मेलेत का हो?

खाडीपलीकडचा | बुधवार, रात्री ११.३३

ताई, तुम्ही इचलकरंजीत ना? घराशेजारी माग आहेत का?

अल्बमवाली | बुधवार, रात्री ११.३६

हो, भिंतीला भिंत लागून कारखाना आहे, दिवसरात्र चालू असतो. का?

खाडीपलीकडचा | बुधवार, रात्री ११.४४

माझा मेव्हणा भिवंडीत राहतो, त्याच्याकडे हेच बघितलंय. मागाच्या सुताचा भुरा हवेत असतो, खिडकी लावली तरी आत येतो, कॅबिनेटचा पंखा तो खेचतो. दोन स्लॉट पाच वर्षं भरलेले होते म्हणून स्वच्छ राहिले, दोन रिकामे उघडे होते त्यांच्यात पाच वर्षं भुरा साठला असेल. वरून दिसत नाही, टॉर्च तिरका धरून आत बघा. बुटका रंगाचा ब्रश नवा कोरडा घ्या, नाहीतर फुगा दाबतो तसा कॅमेऱ्याचा ब्लोअर मिस्टरांकडे असेलच, त्याने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा जातो. टाचणी, सुई काही आत घालू नका, आतली पिन वाकली की स्लॉट खरंच गेला.

अल्बमवाली | गुरुवार, रात्री १२.२५

दादा, तुमचे कसे आभार मानू. टॉर्च धरला तर स्लॉटच्या तळाला राखाडी वातीसारखं काहीतरी लांबच्या लांब पडलं होतं, ब्रशने उचललं तर अख्खी वात निघाली, निरांजनात लावतो तेवढी. दुसऱ्यातून पण तशीच. दोन्हीकडे ब्लोअर मारला. एकेक स्टिक लावून बघितली, चारही स्लॉट चालू. मग चारही लावल्या, पहिल्यांदा दोनदा स्वतःच बंद-चालू झाला, माझ्या पोटात गोळा आला, तिसऱ्यांदा स्क्रीन आली. ३२ जीबी दाखवतंय! रात्रीचे साडेबारा वाजलेत म्हणून ओरडले नाही.

लॅमिंग्टन_फेरी | गुरुवार, सकाळी ८.१५

वा वा, अभिनंदन. ते बंद-चालू होणं नॉर्मल आहे, बोर्ड नव्या रॅमचं गणित जुळवत असतं. आता लगेच काम सुरू करू नका, आधी मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासायचा प्रोग्राम, लावा एक रात्र.

अल्बमवाली | शनिवार, दुपारी ३.०५

दादा, तुमचं वाचलं होतं पण काम इतकं होतं की टेस्ट राहूनच गेली, गुरुवारी एक्सएमपी पुन्हा चालू करून ३२०० वर सरळ कामाला लागले. शीट अशी पळायला लागली की विचारू नका, एफिशियन्सी १०० वरून हललीच नाही.

पण आज सकाळी एक अल्बम बघताना एका फोटोत खालचा अर्धा भाग गुलाबी-राखाडी पट्ट्यांचा दिसला. नवरीच्या वडिलांचा फोटो आहे, कन्यादानाच्या वेळचा, डोळे भरलेले. कॅमेऱ्याच्या कार्डमधून कॉपी केलेला जेपेग. परत शोधत गेले तर अजून दोन फोटो तसेच निघाले. फोटोशॉप पण काल एकदा आपोआप बंद झाला. मिस्टर म्हणाले कार्ड खराब झालं असेल. मला मात्र रॅमचीच शंका येतीये. असं होऊ शकतं का?

मदरबोर्डकाका | शनिवार, दुपारी ३.१७

होऊ शकतं, आणि म्हणूनच हे पहिलं ऐका. कार्ड फॉरमॅट करू नका. कुठलंच. आणि त्या पीसीवर आत्ता एकही फाइल सेव्ह करू नका, बंद करा.

फाइल कार्डावरून एसएसडीवर जाते ती मध्ये रॅममधून जाते. रॅममध्ये एक बिट शून्याचा एक झाला तर विंडोजला कळत नाही, घरगुती रॅमला ईसीसी, म्हणजे अशी चूक पकडून दुरुस्त करायची सोय, नसते, चूक तशीच डिस्कवर लिहिली जाते. जेपेगमध्ये एक बिट बिघडला तर तिथून पुढचं सगळं चुकत जातं, म्हणून वरचा अर्धा फोटो छान आणि खालचा पट्ट्या. रॅमने पीसी बंद पडला तर परवडतं, समजतं तरी. गुपचूप चुका करत राहिली तर वाईट.

मेमटेस्ट८६ प्लस दुसऱ्या कुठल्या तरी मशीनवर पेनड्राइव्हवर घ्या, फुकट आहे, त्यावरून बूट करा. सिक्युअर बूटमुळे अडलं तर बायोसमधून ते तात्पुरतं बंद करा. आत्ता आहे तशीच, ३२०० वर, चारही स्टिक ठेवून लावा. लाल ओळ एक जरी आली तरी नापास. एक-दोन चालतात असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, शून्य म्हणजे शून्य.

अल्बमवाली | शनिवार, सायंकाळी ६.५०

बारा मिनिटांत लाल ओळी. आता दोनशेच्या वर गेल्यात. मी बंद केलं. कार्ड दोन्ही तशीच आहेत, फॉरमॅट केलेली नाहीत, देवाची कृपा.

निखळ_नागपुरी | शनिवार, सायंकाळी ७.०१

एसओसी व्होल्टेज, म्हणजे मेमरी कंट्रोलरला मिळणारं, १.१ करून पाहा, रॅमचं १.३५ चं १.३८ करा, बऱ्याच जणांचं ३२०० तेवढ्यावर टिकून जाते.

मदरबोर्डकाका | शनिवार, सायंकाळी ७.१५

भाऊ, तुझं म्हणणं गेमिंगच्या मशीनला ठीक आहे, आणि टिकेलही. पण हे कामाचं मशीन आहे, आज थंड खोलीत टिकलं आणि मे महिन्यात दुपारी बेचाळीस अंशाला नाही टिकलं तर? ताईंना आठ-नऊ टक्के स्पीड नकोय, खात्री हवीय. वर मी २९३३ लिहिलं होतं ते याचसाठी.

ताई, असं करा. आधी नव्या दोनच स्टिक, दुसऱ्या-चौथ्या स्लॉटमध्ये, ३२०० वर, टेस्ट. मग जुन्या दोनच, तशाच. एखादी जोडी नापास झाली तर ती रॅम खराब, वॉरंटीत द्या. दोन्ही पास झाल्या तर दोष स्टिकचा नाही, चौघींचा मिळून भार त्या स्पीडला प्रोसेसरच्या कंट्रोलरला झेपत नाहीये. मग चारही लावा, एक्सएमपी चालूच ठेवा, फक्त मेमरी फ्रिक्वेन्सी हाताने २९३३ करा आणि रात्रभर टेस्ट.

बायोस अपडेटनेही कधीकधी फरक पडतो, पण लाइट जाणारी असेल आणि यूपीएस नसेल तर त्याला हात लावू नका.

अल्बमवाली | सोमवार, सकाळी ७.४०

शनिवार रात्र नव्या दोन, चार पास पूर्ण, शून्य. काल दिवसभर जुन्या दोन, शून्य. मी आणि मिस्टर आळीपाळीने येऊन स्क्रीन बघत होतो, जेवतानासुद्धा. मग काल रात्री चारही, २९३३ वर. सकाळी साडेसहाला उठून आधी तिथेच गेले, हिरव्या अक्षरात पास लिहिलंय. साडेसात तास, एरर शून्य.

मदरबोर्डकाका | सोमवार, सकाळी ८.०२

झालं काम. आता गुरुवारपासून शनिवारपर्यंत त्या पीसीवर जे जे कॉपी झालं, सेव्ह झालं, ते सगळं संशयित धरा. कार्डातून पुन्हा कॉपी करा, टेराकॉपी या प्रोग्रामने, व्हेरिफाय चालू ठेवून, तो कॉपी झाल्यावर दोन्हीकडचे चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेले आकडे, ताडून बघतो. त्या तीन दिवसांतल्या पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या फाइल, उघडून शंभर टक्के झूमला एकदा नजर फिरवा, त्यांना कार्डात मूळ प्रत नाही.

खाडीपलीकडचा | सोमवार, सकाळी ९.३०

आणि तो भुरा. चारही स्लॉट आता भरलेत म्हणून ती काळजी गेली, पण ग्राफिक्स कार्डाच्या शेजारचे पीसीआयई स्लॉट उघडेच असणार. समोरच्या पंख्यावर डस्ट फिल्टर लावा, नाहीतर साधी पातळ मच्छरदाणीची जाळी कापून लावली तरी चालते, दर पंधरा दिवसांनी झटकायची.

अल्बमवाली | मंगळवार, रात्री १०.१५

दोन्ही कार्ड पुन्हा कॉपी केली, व्हेरिफाय सगळ्या फाइलना बरोबरची खूण आली. जुन्या कॉपीशी ताडून बघितलं तर एकूण अकरा फोटो वेगळे निघाले, म्हणजे डोळ्यांना तीनच दिसले होते, बाकी आठ मी तशाच अल्बममध्ये लावल्या असत्या. एकात मंगळसूत्र बांधतानाचा हात आहे, त्यावर बारीक एक हिरवी रेघ होती, मी ती शंभरदा बघूनही लाइटचं काहीतरी म्हणून सोडली असती. पीएसडी चार होत्या, तीन ठीक, एक उघडलीच नाही, ती आज पुन्हा केली, अडीच तास गेले पण आता शीट पळते त्यामुळे तेवढ्यातच झाली.

लॅमिंग्टनवाले दादा, टेस्ट लावा म्हणालात तेव्हाच ऐकायला हवं होतं. जाळी सासूबाईंनी शिवून दिली, मागे चुंबक लावून बसवलीये, काढता येते. नवरीच्या वडिलांचा तो फोटो आता अख्खा आहे, त्याची वेगळी मोठी प्रिंट काढून देणार आहे त्यांना.

डीडीआर५_नवखा | मंगळवार, रात्री १०.४०

ताई, मी पण आज रात्री मेमटेस्ट लावतोय. नवीन बिल्ड आहे, कधी लावलीच नव्हती.

लॅमिंग्टन_फेरी | मंगळवार, रात्री १०.५२

ताई, बिल आणि डबा जपून ठेवा, स्टिकवरचा स्टिकर काढू नका, वॉरंटी त्यावरच असते. आणि २९३३ लिहिलेल्या बायोसच्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढेमागे बोर्डाची बॅटरी उतरली की सेटिंग उडतं आणि पुन्हा २१३३ वर जातं, तेव्हा शोधत बसायला नको.

अल्बमवाली | मंगळवार, रात्री ११.०४

काढला. प्रिंट करून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून पण ठेवला.